बसच्या दारातली म्हातारी

आईने बाबांच्या मिशा परत एकदा चहात बुडवल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

बाबा म्हणजे फोटोतले. खरे बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते, पेपर नाकासमोर धरून, आत काय चाललंय त्याचा कानोसा घेत. त्यांना आता मिशा नाहीत. फोटोतल्या बाबांना मात्र भरघोस आहेत, आणि त्यांना चहा पाजल्याशिवाय आई स्वतः घोटभरही घेत नाही. कपात बोट बुडवायचं, फोटोच्या ओठांना लावायचं आणि म्हणायचं, "घ्या हो, गरम आहे तोवर घ्या. परत गाडी काढायची आहे तुम्हाला." आता इंकजेट प्रिंटरची शाई ती. ओलं लागलं की निघाली गावभर. मिशीचा काळा ओघळ हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून शर्टावर. आणि मग आईचा तो आवाज, जो खाली माझ्या दुकानापर्यंत पोचतो.

"अगं बाई, ह्यांना काय झालं! तोंड फुटलंय ह्यांचं! कुठे आदळली गाडी? कुणीतरी जा रे!"

फोटो खराब झाला, एवढीच गोष्ट असती तर मी प्रिंट काढत बसले असते जन्मभर. पण आईच्या दृष्टीने दर वेळी तिचा नवरा रस्त्यात मरत होता. मी नवी प्रिंट घेऊन धावत वर यायचे, ती छातीशी धरायची, हळूहळू हुंदके थांबायचे, आणि दुपारी परत चहा.

आमच्या घराची रचना सांगते. खाली माझं फोटो छापायचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी लग्न केलं नाही. "ही त्या प्रिंटरच्या घरी दिली आहे," असं बाबा लोकांना सांगतात. माझ्या नाकावर राग असतो म्हणून लहानपणापासून मला लवंगी म्हणतात, मिरची या अर्थाने. आई आतल्या खोलीत असते. तिला सांभाळायला दिवसा एक मावशी येतात. बाबा बाहेरच्या खोलीत. ते आत जाऊ शकत नाहीत.

जाऊ शकत नाहीत म्हणजे आई जाऊ देत नाही. तिच्या डोक्यातून मागची सगळी वर्षं पुसली गेली आहेत. ती आहे तिशीतली. तिचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवतो, मिशीवाला, रुबाबदार, आणि आज ना उद्या फेरीवरून परत येणार आहे. अशा बाईच्या खोलीत कुणी टकलू म्हातारा येऊन पलंगावर बसायला लागला, तर ती काय करेल? आईने पहिल्यांदा आरडाओरडा केला, नंतर उशी फेकली, आणि एकदा पाण्याचा तांब्या. "घरात पुरुषमाणूस नाही बघून शिरता होय? ह्यांना येऊ दे, मग बघते!" बाबा तांब्या उचलून निमूट बाहेर आले. कपाळावर टेंगूळ आलं होतं. मी बर्फ लावत होते तर म्हणतात, "नेम अजून पक्का आहे हं तिचा."

मला ती 'फोटोवाल्या बाई' म्हणते. बाबांपेक्षा माझं बरं, मला आत प्रवेश आहे. एकदा मी तिच्या पायाला तेल लावत होते, तर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उशीर झाला की हो. तुमची आई वाट बघत असेल, जा घरी." मी जिन्यात बसून रडले. इतकी मोठी बाई मी, चष्मा लागलेली, पण मला माझी आई हवी होती आणि ती समोर बसून मला आईकडे पाठवत होती.

असो. तर फोटो.

मी काही हातावर हात धरून बसले नव्हते. आधी प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करून बघितलं. आईने नखाने कोपरा उचकटला आणि चहा आत. मग काचेची फ्रेम केली. ती हातातून पडली आणि काच पायात गेली. मावशींनी मला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. "पेशंटच्या हातात काच देतात का गं शहाणे?" बरोबर होतं त्यांचं. वरून साधा स्प्रे मारून बघितला. त्याने पाण्याचा शिंतोडा अडतो, पण आई काही शिंतोड्यावर भागवणारी नाही, ती रुमाल ओला करून नवऱ्याचं तोंड पुसते, अगदी कानामागून.

शेवटी बाबा स्वतः खाली आले. माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले.

"लवंगी, तू ते हॉटेलवाल्यांचे फोटो करतेस ना, वरून जाड पारदर्शक थर असतो, काचेसारखा. तसा कर ना माझा."

"बाबा, ते भिंतीवर लावायचं काम आहे. जड होतं."

"लहान कर. पुस्तकाएवढा. तिच्या मांडीवर मावेल असा."

"आणि बिघडला तर?"

"बिघडला तर बिघडला. पण तिचं ते ओरडणं ऐकवत नाही गं. मी इथे धडधाकट बसलोय, आणि ती आत माझ्या नावाने रडते. उठून जाता येत नाही, सांगता येत नाही. काय करू मी?"

बाबांनी आयुष्यात मला कधी 'काय करू' असं विचारलं नव्हतं. मी चष्मा पुसायला घेतला.

मग आम्ही दोघांनी तो फोटो केला. मूळ फोटो जुना, स्कॅन करून ठेवलेला: बाबा बसच्या पुढच्या दाराशी उभे आहेत, एक हात दांड्यावर, टोपी किंचित तिरकी. मागे उघडं दार, आणि दाराच्या आत मिट्ट काळोख, कारण ऊन बाहेर होतं. छान काळं उतरलं होतं ते. मी प्रिंट काढली आणि तशीच ठेवून दिली. ओल्या शाईवर थर दिला की आत ओल कोंडते आणि धुकं धरल्यासारखं पांढरं पडतं, म्हणून घाई करायची नाही. बाबा तासातासाने येऊन विचारायचे, "वाळला का मी?"

वाळल्यावर प्रिंट हलक्या लाकडी बोर्डावर चिकटवली. कडा मी घासून गोल केल्या, आईला कुठे टोचू नये म्हणून. मग पातळ स्प्रे, एक हात आडवा, एक हात उभा, मधे वाळू द्यायचं. हे नाही केलं तर वरून ओतायचा रेझिनचा रस कागदात उतरतो आणि तेलाचे डाग पडल्यासारखं दिसतं. दुकानाचा पंखा बंद, खिडकी बंद, दाराला ओला टॉवेल. धूळ ही आमच्या धंद्यातली सवत. एक कण वरच्या थरात बसला की तो कायमचा राहायला आला.

"शिंकू नका," मी म्हटलं.

"शिंक येईल असं कशाला म्हणतेस? आता येणार!"

"बाबा, खरंच मारीन हं."

नाक दाबून बसले बिचारे. मी रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मोजून एकत्र केलं, सावकाश ढवळलं, बुडबुडे नकोत म्हणून. मग फोटोच्या मधोमध ओतलं. मध सांडल्यासारखं ते पसरायला लागलं, टोपीवरून, खांद्यावरून, कडेपर्यंत. छोट्या गॅसच्या ज्योतीचा हात वरून फिरवला, तशी बारीकसारीक बुडबुडे फुटून गेले. रंग एकदम खुलले. बसचा लाल, दाराचा काळा. मिशीचा केस न केस उठून दिसायला लागला.

बाबा बघत राहिले. मला वाटलं, म्हणतील, काय देखणा होतो मी. तसं म्हणायची सवय आहे त्यांना. पण ते म्हणाले, "मला ह्याचा हेवा वाटतो."

"कुणाचा?"

"ह्याचा. हा दिवसभर तिच्या मांडीवर असतो. चहा पितो. रात्री उशाखाली झोपतो. मी हा होतो तेव्हा घरात नव्हतो गं. सतत गाडीवर. घरी आलो की नुसता झोपायचो, आणि ती तुला गप्प करत बसायची, बाबा दमलेत म्हणून. वाटायचं, रिटायर झालो की बसू निवांत. आता झालो रिटायर, आणि ती म्हणते बाहेर व्हा." त्यांनी नाकावरचा हात काढला. "मला तिच्याजवळ बसायचंय. बाकी काही नको. ओळखलं नाही तरी चालेल. नुसतं शेजारी."

मी फोटोवर खोकं उपडं घातलं, धूळ बसू नये म्हणून, आणि म्हटलं, "उद्यापर्यंत उचलायचं नाही."

"मी कशाला उचलतोय," ते म्हणाले. तरी मी खोक्यावर वजन ठेवलं. ओळखते मी त्यांना.

काम झकास झालं होतं. माझ्याच हातचं आहे म्हणून नाही सांगत, पण असा थर मी गिऱ्हाइकाला क्वचित दिला असेल. एक कण नाही, एक खळगा नाही. वर नेला तेव्हा मावशींनीही बोट फिरवून बघितलं. आईने हातात घेतला, वजन जोखलं आणि हसली. "जाड झालात की हो! बाहेरचं खाणं मानवलेलं दिसतंय." लगेच चहा आला. बोट बुडवलं, ओठांना लावलं. आम्ही तिघं श्वास रोखून. बाबा अर्थातच दाराआडून. चहाचा थेंब मिशीवर गोल बसून राहिला, आईने पदराने टिपला, आणि मिशी होती तिथेच होती. माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी दाराआडून मला अंगठा दाखवला.

काही दिवस अगदी सुखात गेले. ओरडणं नाही, रडणं नाही. मी खाली निवांत कामं उरकत होते. आणि एका सकाळी वरून मावशींची हाक आली. "अगं लवंगी, लवकर ये! आज काहीतरी वेगळंच आहे!"

आई पलंगावर ताठ बसली होती. फोटो मांडीवर, खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर. चहा गार झालेला. आणि चेहरा असा लाल की मी दारातच थबकले.

"फोटोवाल्या बाई, या इकडे. हे काय आहे?"

"काय झालं?"

"ही कोण?" तिने बोट बसच्या दारावर आपटलं. "ही थेरडी कोण ह्यांच्या बसमध्ये?"

मी वाकून बघितलं. त्या काळ्याभोर दारात आईचाच चेहरा होता. पांढरे केस, बसलेले गाल, सगळं स्वच्छ. मी दिलेल्या चकाकीत. इतक्या वर्षांचा धंदा, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मूर्ख बाई! गडद रंगावर असा थर दिला की तो आरसा होतो, हे मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगते, खिडकीसमोर लावू नका म्हणून. आणि माझ्या आईने आरशात बघणं केव्हाच सोडलंय. आत कुणी परकी म्हातारी दिसते म्हणून ती घाबरायची, तेव्हा घरातले आरसे आम्हीच काढून टाकले होते.

"मी इथे दाराकडे डोळे लावून बसते," आई म्हणत होती, "आणि हे तिकडे बाईमाणूस बसवून फिरतात! आणि बघते कशी टक लावून! लाज नाही!" तिचा आवाज फुटला. "माझ्यात काय कमी होतं? सांगा ना. काय कमी होतं?"

फोटो तिने ढकलून दिला. मावशींनी वरच्या वर झेलला. आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि खांदे हलायला लागले. जेवली नाही. चहा नाही. मी परोपरीने सांगितलं, ती म्हातारी कुणी नाही हो, अशीच एक प्रवासी आहे. "प्रवासी असती तर मागे बसली असती," आई म्हणाली. "ही ड्रायव्हरच्या दाराला चिकटलेय."

मी तणतणत खाली गेले. बारीक घासकागद काढला. सगळी चकाकी घासून टाकायची, मंद करून टाकायची, दिसणारच नाही काही. झक मारली आणि ती चकाकी दिली. बाबा मागोमाग उतरले. बघते तर डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

"चिडली गं!" ते म्हणाले. "माझ्यावर चिडली! ऐकलंस? काय कमी होतं म्हणे. कमी काय असणार, वेडी कुठली! अगं, कधी भांडली नाही ती माझ्याशी. मी घरी असायचोच कुठे."

"बाबा, ती उपाशी आहे. मला हा घासू द्या."

"थांब. जरा थांब. मला तिला सांगू दे."

"काय सांगणार? तांब्या खाल परत."

"खाईन," बाबा म्हणाले, आणि माझ्या हातातून फोटो घेऊन चक्क जिना चढायला लागले. मी घासकागद घेऊन त्यांच्या मागे.

आत गेले ते पलंगाच्या मागच्या बाजूने. शहाणपणाने तांब्या आधी मावशींच्या हातात दिला. आई तशीच भिंतीकडे तोंड करून. बाबांनी मागून वाकून फोटो तिच्यासमोर धरला आणि परक्या माणसासारखं, अदबीने म्हणाले, "ताई, एक सांगू का? तुमचे मिस्टर तसे नाहीत. मी ओळखतो त्यांना. ह्या बाई त्यांच्या कुणी नाहीत."

बायकोला ताई म्हणताना त्यांचा आवाज जरा अडखळला.

आई ओरडायला वळली. वळता वळता तिची नजर फोटोवर पडली, आणि ती थांबली. उठून बसली. डोळे बारीक केले. बसच्या काळ्या दारात म्हातारीच्या खांद्यामागे आता एक टकलू म्हातारा होता, वाकलेला, घाबरलेला.

"अय्या," आई म्हणाली. "हिचा नवरा आहे की बरोबर!"

आई फोटो जवळ घेऊन बघत राहिली. चेहरा निवळत गेला. "मगाशी कुठे गेला होता हा? बायकोला एकटी सोडून?"

बाबा सरळ झाले, तांब्याच्या भीतीने असेल, दोन पावलं मागे सरले. बसच्या दारातला म्हातारा गेला. आईने झटकन मान वर केली.

"अहो, हलू नका ना! तुम्ही हललात की तो जातो."

"मग... काय करू?" बाबांनी विचारलं.

"बसा इथे." तिने पलंगावर शेजारी हात आपटला. "जवळ बसा. अजून जवळ. हां. आला बघा तो."

बाबा बसले. अंग चोरून, जेमतेम टेकून. आईने बाही धरून त्यांना ओढलं, फोटो दोघांच्या मांडीवर अर्धा अर्धा ठेवला, आणि डोकं त्यांच्या डोक्याजवळ आणून नीट बघितलं, दाराच्या चौकटीत दोघंही मावतात की नाही ते. मावशी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. मी दारात उभी, हातात घासकागद. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. ते श्वासही बेताने घेत होते.

बऱ्याच वेळाने आई बोलली. राग पार गेला होता.

"किती वर्षं झाली असतील हो ह्यांच्या लग्नाला?"

"पुष्कळ," बाबा म्हणाले.

"अजून एकमेकांना सोडून राहवत नाही, बघा. बसमध्येसुद्धा शेजारी शेजारी." तिने त्या म्हाताऱ्याच्या टकलावरून बोट फिरवलं, हलकेच. मग सुस्कारा टाकला आणि खिडकीतून खाली रस्त्याकडे बघितलं. "आमचे हे आले की आम्हीही असेच बसणार आहोत."

"येतील ते," बाबा म्हणाले. "रस्त्यातच असतील. तोवर मी थांबतो तुमच्या सोबतीला."